फोंड्यातला हवामानबदलाचा वर्ग: फी आणि वेळ, दोन्ही वसूल

गोव्यात फोंड्याला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हवामानबदलाचा मराठी वर्ग भरतो. बातम्यांत आणि सरकारी कागदांत रोज येणारे शब्द, त्यांच्यामागच्या कल्पना आणि आकडे साध्या माणसाला समजावून द्यायचे, एवढाच त्याचा हेतू. चार रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेबारा. फी 500 रुपये, विद्यार्थ्यांना 200. त्यातच एक पुस्तिका, चहा आणि बन्स. मी तो नुकताच पूर्ण केला. ज्यांचं पोट जमिनीवर, झऱ्याच्या पाण्यावर किंवा मासळीवर आहे त्यांनी तर जायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटचा रविवार कच्चा वाटला, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे. पण पहिल्या तीन रविवारांत जे मिळालं ते मला दुसरीकडे कुठेच मराठीत इतकं नीट मिळालं नव्हतं.

आमचं कुळागर आहे. पोफळी, माड, मिरी, जायफळ, थोडी केळी आणि वर डोंगराला काजू. झऱ्याचं पाणी पाटाने खाली येतं आणि त्यावरच सगळं उभं आहे. मागे एकदा तालुक्यातल्या एका बैठकीत आम्हा शेतकऱ्यांपुढे एक आराखडा वाचून दाखवला गेला. अनुकूलन, शमन, असुरक्षितता, निव्वळ शून्य असे शब्द एकामागून एक येत होते. माझ्या पुढच्या रांगेत बसलेली, आयुष्यभर शेती केलेली माणसं नुसती मान हलवत होती. वाचणाऱ्याने एकदाही थांबून विचारलं नाही की समजतंय का. शेवटी "हरकत नसल्यास मंजूर" झालं. आमच्या पाण्याबद्दलचा निर्णय आमच्यासमोर झाला आणि त्यातलं आम्हाला काही कळलं नाही, याचा मला फार त्रास झाला. म्हणून या वर्गाची पाटी दिसली तेव्हा लगेच नाव घातलं.

शिकवतात त्या भूगोलाच्या निवृत्त प्राध्यापिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात. मदतीला एक तरुण मुलगा असतो, आकडे आणि आलेख तो सांभाळतो. आमच्या तुकडीत शाळेचे शिक्षक होते, एक टॅक्सीवाले, पंचायतीचे दोन पंच, इंजिनिअरिंगची मुलं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि दुर्भाटचे एक खाजन (नदीकाठची बांध घातलेली सखल जमीन) कसणारे शेतकरी. या दुर्भाटच्या भाईंमुळे वर्गाला निम्मी रंगत आली.

पहिल्या रविवारी बाईंनी पावसापासून सुरुवात केली, कारण गोव्यात माणसाला बोलतं करायला पावसासारखा विषय नाही. 2025 साली मान्सून केरळात 24 मेलाच पोचला, एरवी तारीख 1 जून. आपल्याकडेही मे संपायच्या आत धो धो सुरू झाला. टॅक्सीवाले म्हणाले, "बाई, हाच तर हवामानबदल!" बाई म्हणाल्या, "एका वर्षावरून नाही ठरत. ते त्या वर्षाचं हवामान." मग त्यांनी तीस वर्षांचा हिशेब समजावला. जागतिक हवामान संघटना एखाद्या ठिकाणचं सरासरी हवामान ठरवताना तीस वर्षांचा काळ धरते. आज आपण "सरासरीपेक्षा दोन अंश जास्त" असं ऐकतो, त्यातली सरासरी 1991 ते 2020 या वर्षांची. म्हणजे गेल्या तीन दशकांत तापमान आधीच वाढलेलं असेल तर ती वाढ सरासरीतच मुरून जाते, आणि आजचा फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. हे ऐकून मला फार महत्त्वाचं काही हाती लागल्यासारखं वाटलं. "सरासरीपेक्षा किती" हे वाचताना आता मी आधी बघते की सरासरी कुठल्या वर्षांची. जगाच्या तापमानवाढीचा आकडा मात्र 1850 ते 1900 या काळाच्या तुलनेत मोजतात, कारण तेव्हा कारखान्यांचा धूर फारसा नव्हता. या दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत आणि बातमीत त्या सर्रास मिसळलेल्या असतात.

एल निन्योबद्दल त्यांनी थोडक्यात सांगितलं, तेवढं पुरेसं होतं. प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान काही वर्षांच्या अंतराने वरखाली होतं, त्याचा आपल्या पावसावर परिणाम होतो, आणि हा निसर्गाचा जुना हेलकावा आहे. हेलकावा आणि चढ यांतला फरक ओळखायला शिका, एवढंच त्यांचं म्हणणं.

दीड अंशाचा प्रश्न बँकेच्या काकांनी विचारला. "सकाळी आणि दुपारी दहा अंशांचा फरक असतो, मग दीड अंशाने एवढं काय बिघडतं?" हा प्रश्न मी कितीतरी शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. बाईंनी उत्तर फार छान दिलं. हा दीड अंश एका गावचा किंवा एका दुपारचा नाही. सगळी पृथ्वी, सगळे समुद्र, सगळे ऋतू, दिवस आणि रात्र यांची सरासरी तेवढी वर जाते. गेल्या हिमयुगात उत्तरेकडचे देश मैलभर जाडीच्या बर्फाखाली होते, तेव्हा ही जागतिक सरासरी आजच्यापेक्षा साधारण पाच-सहा अंशांनीच कमी होती. एवढ्याशा आकड्यात जगाचा नकाशा बदलतो. शिवाय जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, त्यामुळे दीड अंशाची सरासरी म्हणजे जमिनीवर त्याहून जास्तच.

2015 च्या पॅरिस करारात देशांनी वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायचं आणि दीड अंशावर थोपवण्याचा प्रयत्न करायचं ठरवलं. 2024 हे वर्ष दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं, जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने साधारण 1.55. मग करार मोडला का? बाई म्हणाल्या, करारातला दीड अंश हा एखाद्या वर्षाचा नव्हे, दीर्घ काळाच्या सरासरीचा आहे, त्यामुळे एका वर्षाने तो ओलांडला असं होत नाही. पण अशी वर्षं लागोपाठ येऊ लागली तर सरासरीही तिथेच पोचणार. "घाबरू नका" किंवा "सगळं संपलं" असं त्या दोन्ही म्हणाल्या नाहीत, जे आहे तेच सांगितलं. मला त्यांची ही पद्धत मनापासून आवडली.

हरितगृह परिणाम, म्हणजे हवेतल्या काही वायूंनी उष्णता अडवून धरणं, शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. इथे तो इतिहासासकट आला. 1856 मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते हे दाखवलं. 1859 पासून जॉन टिंडल यांनी कोणते वायू उष्णता शोषतात याची मोजणी केली. आणि 1896 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. दीडशे वर्षांपूर्वीचं हे विज्ञान आहे, काल-परवाचं नव्हे. वातावरणात हे वायूच नसते तर पृथ्वीची सरासरी उणे 18 अंशांच्या आसपास असती, ती आहे साधारण 15. म्हणजे हे वायू आपल्याला जगवतातच. अडचण त्यांचं प्रमाण वाढण्याची आहे. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे 280 होते. 1958 मध्ये हवाई बेटावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा 315 च्या आसपास. आता 420 च्या वर.

इथे बाईंनी मला उभं केलं. "तुमच्या कुळागरात तळी आहे ना? पाटाने पाणी येतं आणि खालून सोडता. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे. आता पाट थोडा कमी केलात, तर तळीतलं पाणी उतरेल का?" मी म्हटलं, "उतरायचं नाही. चढायचंच, फक्त हळू." "बरोबर. जग दरवर्षी थोडा कमी धूर सोडू लागलं तरी हवेतला साठा चढतच राहणार. येणारं आणि जाणारं सारखं होईल तेव्हा पातळी थांबेल. माणसाने सोडलेलं आणि माणसाने परत काढून घेतलेलं सारखं होणं, त्याला म्हणतात निव्वळ शून्य." आपण सोडतो त्यातला साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड झाडं, माती आणि समुद्र शोषून घेतात, उरलेला हवेत साठतो, आणि त्याचा मोठा भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो. वर्षाचं उत्सर्जन आणि साठलेलं प्रमाण या दोन गोष्टी मला त्या दिवसापासून कधीही एक वाटल्या नाहीत. बातमीत "उत्सर्जनात घट" वाचलं की लोक समाधानाने पान उलटतात, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मिथेनचं वेगळं. तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, पण टिकतो तोवर फार तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट. गुरांच्या पोटातून, कचऱ्याच्या ढिगातून आणि पाणी भरून ठेवलेल्या भातशेतीतून तो निघतो. भातशेतीचं नाव आल्यावर दुर्भाटचे भाई सावरून बसले. "म्हणजे आता दोष आमच्या भाताचा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "भाई, दोष द्यायला नाही, मोजायला शिकतोय आपण." आणि लगेच पुढच्या रविवारी वीजबिल घेऊन यायला सांगितलं.

ते वीजबिलाचं गणित मला फार उपयोगाचं वाटलं. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीच वीज अजून कोळशाची. गोव्याची तर बहुतेक वीज बाहेरूनच येते. आमचं बिल पंपासकट 210 युनिटांचं, म्हणजे 147 किलो. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, तो जळून साधारण 42 किलो होतो. आमच्याकडे महिन्याला एक लागतो. स्कूटरचं पेट्रोल महिन्याला पंधरा लिटर, लिटरमागे 2.3 किलो, म्हणजे 34-35. सगळं मिळून महिन्याला सव्वादोनशे किलो. वर्षाचं झालं 2,700 किलोच्या आसपास, आणि घरात आम्ही चौघं, म्हणजे माणशी पावणेसातशे.

आता भारताची माणशी सरासरी साधारण दोन टन आहे. बाकीचं कुठे गेलं? ते सिमेंटमध्ये, लोखंडात, खतात, रस्त्यांत, आपण विकत घेतो त्या प्रत्येक वस्तूत. अमेरिकेची माणशी सरासरी चौदा टनांच्या घरात. जगाची पाचाच्या जरा खाली. फळ्यावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. इंजिनिअरिंगच्या एका मुलीने विचारलं की मग आम्ही कशाला पंखा बंद करायचा. बाईंनी तिला गप्प केलं नाही. घरातलं गणित आपला वापर ओळखण्यासाठी करायचं, म्हणाल्या, पण जबाबदारीचं गणित देशादेशांत आणि कारखान्यांत करायचं. मला हे फार पटलं. कार्बन पाऊलखूण, म्हणजे एकेकाच्या धुराचा हिशेब, या नावाखाली सगळा भार स्वयंपाकघरातल्या बाईवर टाकायची एक सवय लागली आहे, ती इथे नव्हती. उलट आमच्या पंपाला सौर पॅनल लावलं तर बिलातला किती भाग जाईल हे बाईंच्या मदतीच्या मुलाने जागच्या जागी काढून दिलं.

तिसरा रविवार या वर्गाचा प्राण. त्या दिवशी टेबलावर प्लास्टिकचा मोठा टब आणि मानसाची लाकडी छोटी प्रतिकृती होती. ज्यांनी खाजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून सखल शेत वाचवायला मातीचे बांध घालतात आणि बांधात एक दार ठेवतात, तेच मानस. दाराची फळी वरून टांगलेली असते. भरतीचं पाणी बाहेरून चढलं की फळी आपोआप दाबून बंद होते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी फळी ढकलून बाहेर जातं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. शतकानुशतकं हे असंच चाललं आहे. त्या मुलाने टबात एका बाजूने पाणी ओतलं आणि फळी टक्कन बसली. मग बाहेरचं पाणी उपसलं, फळी हलली आणि आतलं पाणी वाहू लागलं. वर्गातली माणसं खुर्च्या सोडून टबाभोवती जमली.

मग बाईंनी समुद्राच्या पातळीचे आकडे दिले. 1901 ते 2018 या काळात जगभर सरासरी वीस सेंटिमीटर वाढ. आधी वेग कमी होता, 2006 ते 2018 या वर्षांत तो वर्षाला 3.7 मिलिमीटरपर्यंत पोचला. कारणं दोन: हिमनद्या आणि ध्रुवाकडचा जमिनीवरचा बर्फ वितळतो, आणि पाणी तापलं की फुगतं. जगात साठलेल्या जास्तीच्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे. बँकेचे काका म्हणाले, "वर्षाला चार मिलिमीटर म्हणजे नखाएवढंसुद्धा नाही." त्यावर बाई काही बोलायच्या आत दुर्भाटचे भाई पुढे झाले. त्यांनी टबात बाहेरच्या बाजूला थोडं पाणी कायमचं जास्त राहू दिलं आणि म्हणाले, "आता ओहोटी करून दाखव." मुलाने पाणी उपसलं. फळी उघडली, पण उशिरा. आणि भरती येताच पुन्हा लवकर बसली. आतलं पाणी निम्मंच गेलं. "हेच," भाई म्हणाले. "बांधावरून पाणी येईल तेव्हा येईल. त्याच्या आधी मानस उघडं राहायचा वेळ कमी होतो. जुलैत पाऊस वरून आणि दार खालून बंद. शेत कुजतं."

समुद्रपातळी वाढ म्हणजे लाट घरात शिरणं, असंच चित्र सगळीकडे दाखवतात. पाण्याचा निचरा बंद होणं हे त्यातलं पहिलं संकट आहे, हे मला एका शेतकऱ्याने पाच मिनिटांत दाखवलं. एवढ्या एकट्यासाठीसुद्धा मी 500 रुपये दिले असते.

याच टबावरून शमन आणि अनुकूलन वेगळं करून दाखवलं गेलं. धूर कमी करणं, सौर वीज, खारफुटी राखणं हे शमन. खारफुटीची माती कार्बन फार मोठ्या प्रमाणात धरून ठेवते, शिवाय बांधाला लाटेपासून वाचवते, म्हणून ती दोन्हीकडे मोजली जाते. बांध वाढवणं, मानस दुरुस्त ठेवणं, कोरगूटसारखं खारं पाणी सोसणारं भात पेरणं हे अनुकूलन. आणि तिसरा एक प्रकार, चुकीचं अनुकूलन, ज्याने आजचं माझं भागतं पण दुसऱ्याचं किंवा उद्याचं बिघडतं. उदाहरण आमच्याकडचंच निघालं. झरा मार्चमध्ये आटतो म्हणून वरच्या अंगाला खोल बोअर मारायची, आणि मग खालच्या कुळागरांचे पाट फेब्रुवारीतच कोरडे. हे आमच्या वाड्यावर प्रत्यक्ष चाललं आहे आणि त्याला नाव आहे, तोटा कसा मोजायचा याची रीत आहे, हे कळल्यावर आम्ही पाच-सहा कुळागरवाले एकत्र बसलो. बोलणं अजून सुरू आहे.

जोखमीचाही भाग त्याच दिवशी झाला. धोका, त्याच्या वाटेत कोण आहे, आणि वाटेतला माणूस किती तग धरू शकतो, या तिन्ही मिळून जोखीम होते. जुलै 2021 च्या पुरात म्हादईकाठची घरं पाण्याखाली गेली. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला, पण मातीच्या भिंतीचं घर कोसळलं आणि चिऱ्याचं टिकलं. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून सरी जोराच्या पडतात. आणि "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असं अजिबात नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांचं घरकर्ज काढलंत, तर तेवढ्या काळात तो पूर येण्याची शक्यता साधारण 26 टक्के. पंचांपैकी एकाने हे वहीत दोनदा लिहून घेतलं. हवामानबदलामुळे ती एक टक्क्याची शक्यताच वाढत चालली आहे, हे पुढचं.

हवामान खात्याच्या रंगांचा तक्ता सगळ्यांनी मोबाइलवर ठेवण्यासारखा आहे. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार, 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा.

उष्णतेच्या लाटेबद्दल मात्र मला आणखी वेळ हवा होता. मार्च 2023 मध्ये गोव्यात शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या होत्या, ते सगळ्यांना आठवत होतं. किनारी भागात 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, असं झालं की लाट म्हणतात. मैदानी भागात सुरुवातच 40 ला. टॅक्सीवाल्यांना वाटलं हा आपल्याला लाडावून ठेवायचा प्रकार. मुलाने दोन तापमापी आणल्या, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि पंख्यासमोर धरलं. सभागृहात कोरडा दाखवत होता 31, ओला 27. मग म्हणाला, नागपूरला 43 अंश असेल आणि हवा कोरडी असेल, तर ओला 23 च्या आसपास येतो. ओल्याचा आकडा म्हणजे घामाने शरीर किती थंड होऊ शकतं त्याची मर्यादा. 35 झाला तर निरोगी माणूस सावलीत बसूनही तगत नाही, असं गणित सांगतं, आणि त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. घाम पुसून पुसून काम करणाऱ्या आमच्या पाडेल्यांना (नारळ पाडणाऱ्यांना), काजूच्या भट्टीवरच्या माणसांना हे कळायला हवं. यावर अर्धाच तास मिळाला.

आता चौथा रविवार. जागतिक परिषदा, देशांची वचनं, 2070 चं भारताचं निव्वळ शून्याचं उद्दिष्ट, 2022 साली इजिप्तमध्ये शर्म-अल-शेखला मान्य झालेला, हवामानबदलाचं नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांसाठीचा निधी, आणि शेवटी कार्बन क्रेडिट, म्हणजे धूर कमी केल्याचं किंवा कार्बन साठवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र. तीन तासांत एवढं मावत नाही. 2070 चं वचन ग्लासगोला 2021 मध्ये दिलं गेलं आणि तळीच्या हिशेबात ते कुठे बसतं, एवढं नीट झालं. कार्बन क्रेडिटला उरली शेवटची दहा मिनिटं. नेमकं तेच आम्हाला हवं होतं. आमच्या भागात एक जण करारपत्रं घेऊन बागायतदारांकडे फिरतो आहे, "तुमच्या झाडांचे पैसे मिळतील, चाळीस वर्षांसाठी सही करा" म्हणून. बाईंनी घाईघाईत तीन कसोट्या सांगितल्या: तो पैसा नसता तर ती झाडं लागलीच नसती का, साठवलेला कार्बन टिकणार किती वर्षं आणि वणवा लागला तर जबाबदार कोण, आणि तेच क्रेडिट दोघांना तर विकलं जात नाही ना. आमच्या पोफळी आजोबांच्या वेळच्या. पहिल्याच कसोटीत प्रश्न उभा राहतो. भारत सरकारने 2023 मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आहे, त्यामुळे असे कागद आता जास्तच येणार. या एका विषयाला पूर्ण रविवार द्यायला हवा, आणि सही करण्यापूर्वी करार वाचून दाखवणारं कोणी तरी हवं. मी आयोजकांना तसं लिहून दिलं आहे.

पुस्तिका चौसष्ट पानांची. मजकूर चांगला, अक्षर बारीक. माझ्या सासूबाईंना चष्म्यानेही वाचता आलं नाही. शब्दांची वर्णक्रमाने सूची नाही, त्यामुळे हवा तो शब्द शोधायला पानं चाळावी लागतात. पण एकोणतिसावं पान कापून भिंतीवर लावावं असं आहे. आयपीसीसी, म्हणजे 1988 मध्ये स्थापन झालेलं, हवामानबदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणारं आंतरसरकारी मंडळ, आपल्या अहवालात "शक्य" म्हणतं तेव्हा 66 टक्क्यांपासून पुढे, "अतिशय शक्य" म्हणतं तेव्हा 90 पासून पुढे, आणि "जवळजवळ निश्चित" म्हणजे 99 पासून पुढे. आपण बोलताना "शक्य आहे" म्हणतो ते टाळण्यासाठी. शास्त्रज्ञ म्हणतात ते मोजून. आणि माणसामुळेच पृथ्वी तापली याबद्दल 2021 च्या अहवालात त्यांनी टक्केवारीसुद्धा दिलेली नाही, ते निःसंशय आहे असंच म्हटलं आहे.

बाकी सोयींचं: जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोन करून खाली बसायची सोय होते का ते विचारावं. पडद्यावरची बरीचशी चित्रं इंग्रजीत होती, बाई तोंडी मराठीत सांगतात म्हणून चालून गेलं, पण मागच्या रांगेतल्यांना अवघड गेलं. रविवार सकाळ ही बाजाराची आणि मासळीची वेळ, त्यामुळे मच्छीमार एकही आला नव्हता. तौक्ते वादळाच्या वेळी, मे 2021 मध्ये, होड्या ज्यांच्या फुटल्या त्यांच्याशिवाय अरबी समुद्राच्या तापण्यावर बोलणं अर्धवट राहतं. बेतीला किंवा वास्कोला पावसातल्या मासेमारीबंदीच्या दिवसांत एक तुकडी ठेवली तर ते नक्की येतील.

पुढची तुकडी चतुर्थीनंतर आहे आणि जागा तीसच. नाव घालताना वीजबिल, गॅसच्या पावत्या आणि कोणी करारपत्र दिलं असेल तर त्याची झेरॉक्स बरोबर न्या. पाचवा रविवार हवा असं नोंदवहीत लिहून या. पुरेशी नावं झाली तर त्याची वेगळी शंभर रुपये फी ठेवून तो घेऊ, असं बाईंनी मला सांगितलं आहे. माझं नाव पहिलं आहे.